फोर काउंटीज रिंग एका आठवड्यात? होते, पण आईबाबांना घेऊन नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेडिंगला राहणारं जोडपं, ११ वर्षांचा मुलगा, आणि साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेले आईबाबा. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर्ड, गुडघ्यांची तक्रार आहे. ऑगस्टमध्ये शनिवार ते शनिवार ५७ फुटी नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब अरुंद बोट, भाड्यानं घेतलीये, स्टोनहून निघणार, आणि फोर काउंटीज रिंग, म्हणजे इंग्लंडमधल्या कालव्यांचा एक गोल रूट, पूर्ण करायची इच्छा आहे. हिशोब असा मांडलाय की रिंग ११० मैल, स्पीड ताशी ४ मैल, म्हणजे साडेसत्तावीस तास, सात दिवसांत रोज चारच तास, बाकी वेळ फिरायला मोकळा. विचारलंय दोनच गोष्टी: लॉक्समध्ये, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या पाण्याच्या खोक्यांमध्ये, किती वेळ जातो, आणि हेअरकासलच्या बोगद्यात डोकं आपटतं का.

आधी त्या चाराच्या आकड्याचं बघू, कारण सगळी गडबड तिथेच आहे. ताशी ४ मैल ही मर्यादा आहे हो, सरासरी नाही. कालवा उथळ असतो, तुम्ही थ्रॉटल वाढवलात तरी बोट पुढे पळत नाही, तिचा मागचा भाग खाली बसतो, मागे लाट उठून काठ धुऊन काढते आणि डिझेल जळतं एवढंच. शिवाय काठाला बांधलेल्या बोटी लागल्या की स्पीड एकदम खाली आणायचा, इंजिन नुसतं गुरगुरत ठेवायचं, कारण तुम्ही जोरात गेलात तर त्यांच्या दोऱ्या ओढल्या जातात, आत कुणाचा तरी चहा सांडतो आणि खिडकीतून एक डोकं बाहेर येऊन 'स्लो डाऊन' ओरडतं, आणि ते बरोबरच असतं. अशा बांधलेल्या बोटींची रांग कधी कधी अर्धा मैल चालते. त्यामुळे मी प्लॅन करताना ताशी ३ मैल धरतो आणि नवख्या माणसाला अडीच धरायला सांगतो.

आता लॉक्स. रिंगवर ९४ लॉक्स आहेत. अरुंद लॉकला सराव झालेल्या माणसाला दहा मिनिटं, तुम्हाला पंधरा, आणि समोर दोन बोटींची रांग असली तर अर्धा तास कुठे गेला कळत नाही. म्हणजे ११० भागिले ३, झाले छत्तीस-सदतीस तास, आणि ९४ लॉक्सचे पंधरा मिनिटांनी साडेतेवीस तास. साठ तास झाले. बोट शनिवारी दुपारी तीन-चारला ताब्यात मिळते, मग तासभर ती कशी चालवायची ते शिकवतात, आणि पुढच्या शनिवारी सकाळी नऊला परत द्यायची असते, म्हणजे हातात उरले सहा दिवस. रोज दहा तास. यात पाणी भरणं, दूध-ब्रेड आणायला जाणं, टॉयलेटची कॅसेट रिकामी करणं, काहीच धरलेलं नाही. नुसती पाण्याची टाकी भरायला पाऊण तास लागतो.

लोक आठवड्यात रिंग करतात, नाही असं नाही. मीही एकदा केलीये, चार धडधाकट माणसं, सकाळी सातला इंजिन चालू, संध्याकाळी सातला बोट बांधायची. त्या ट्रिपमधलं मला काय आठवतं विचाराल तर दुखणारे खांदे. बारा वर्षं माझी स्वतःची बोट आहे, मिडलँड्समधले बहुतेक कालवे दोन-तीनदा करून झाले, आणि तरीही ती एक ट्रिप अशी आहे की जिचा फोटो बघून कुठलं गाव ते सांगता येत नाही.

म्हणून मैल मोजू नका, लॉक्स मोजा. इथे सोपा हिशोब वापरतात, मैल आणि लॉक्स यांची बेरीज करायची आणि तीनाने भागायचं, येतील ते तास. रिंगचे ११० अधिक ९४ म्हणजे २०४, भागिले ३, अडुसष्ट. सराईत लोक चाराने भागतात, एक्कावन्न येतात. तुम्ही पहिल्या दोन दिवसांत तीनवाले, नंतर मधले कुठेतरी. कॅनलप्लॅन म्हणून वेबसाइट आहे, तीत बोटीची लांबी-रुंदी टाकली, दिवसाला किती तास चालवणार ते टाकलं की मुक्काम कुठे पडेल ते काढून देते, पण तिथेसुद्धा लॉकला किती मिनिटं हे आधी आपल्या मापाने बदलून घ्या.

आणि नुसती टोटल बघून चालत नाही, लॉक्स कुठे दाटीनं आलेत ते बघावं लागतं. मिडलविचहून किड्सग्रोव्हकडे चढताना १२ मैलांत ३१ लॉक्स आहेत, बोटवाले त्याला हार्टब्रेक हिल म्हणतात, उगाच नाही. बरेचसे जोडीने बांधलेत, शेजारी शेजारी दोन, त्यामुळे रांग थोडी कमी लागते, तेवढाच दिलासा. रिंगमधल्याच श्रॉपशर युनियन कालव्यावर ऑडलमला १५, ॲडर्लीला ५, टर्लीला ५. अशा दिवशी गुडघेवाल्या माणसाने काय करायचं? बोटीत बसून राहायचं. सुट्टीला आलेल्या माणसाला आपण काठावरून हात करतोय आणि तो आत बसलाय, हे काही खरं नाही.

रिंगबद्दल अजून एक गोष्ट, जी लोक नकाशावर बघताना विसरतात. गोल रूटमध्ये अर्ध्याच्या पुढे गेलात की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब पडतं, आणि मध्ये कुठे एक लॉक बंद पडलं की तुमची बोट चुकीच्या बाजूला अडकते. २०१८ च्या मार्चमध्ये मिडलविच ब्रँच या कालव्याचा बांध फुटला, आणि कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टने कारण सांगितलं ते असं की कुणीतरी लॉकची पॅडल्स, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, उघडी ठेवून निघून गेलं होतं, रात्रभर पाणी साचत गेलं आणि बांधावरून वाहून त्याने माती कापली. फोर काउंटीज रिंग त्या ब्रँचवरूनच जाते. ती त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत बंद होती. २०२५ च्या उन्हाळ्यात पाऊसच नव्हता, तेव्हा उत्तरेकडचे कितीतरी कालवे पाण्याअभावी बंद ठेवले. तेव्हा ट्रस्टच्या वेबसाइटवर स्टॉपेज नोटिसा, म्हणजे कुठला कालवा बंद आहे त्याच्या सूचना, असतात त्यांचा ईमेल अलर्ट आजच लावून टाका, निघायच्या आठवड्यात रोज बघा. आणि लॉकमधून बाहेर पडताना पॅडल्स खाली केलीत ना, गेट लावलंत ना, हे मागे वळून बघायची सवय मुलालाच लावा, मुलं या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असतात.

तर माझं म्हणणं असं की रिंग सोडा आणि जाऊन-येऊन करा. स्टोनहून वर एट्रुरियापर्यंत, तिथून उजवीकडे कॅल्डन कालवा, थेट फ्रॉगहॉलपर्यंत, आणि त्याच वाटेने परत. स्टोन ते एट्रुरिया दहाएक मैल आणि सगळी धरून १४ लॉक्स, एट्रुरिया ते फ्रॉगहॉल साधारण १७ मैल आणि १७ लॉक्स. जाऊन-येऊन ५४ मैल, ६२ लॉक्स, वरच्याच हिशोबाने ३४ ते ३९ तास, सहा दिवसांत रोज सहाएक तास. जमतं. आणि कंटाळा आला, पाऊस लागला, आईंना सर्दी झाली, तर जिथे असाल तिथून पुढच्या वळायच्या जागेवर फिरायचं आणि परत निघायचं, काही बिघडत नाही. 'तोच रस्ता परत' असं तोंड करू नका, चार फुटांच्या झुडपांमधून ताशी अडीच मैलांनी येताना उलट बाजूचा सीन वेगळाच असतो, आणि येताना लॉक्स कशी चालवायची ते तुम्हाला आलेलं असतं.

शिवाय बाबांसाठी कॅल्डनसारखा कालवा नाही, हे मी अगदी खात्रीने सांगतो. आपल्याकडे कालवा म्हटलं की शेताला पाणी, आवर्तन, कुणाचा नंबर कधी, एवढंच डोक्यात येतं. इथे पाणी म्हणजे रस्ता, आणि तो रस्ता दर बोटीमागे थोडा थोडा खाली वाहून जातो. एक अरुंद लॉक एकदा रिकामं झालं की सुमारे २५ हजार गॅलन, म्हणजे लाखभर लिटर पाणी, वरच्या पातळीवरून खाली गेलं. मग डोंगरमाथ्यावरच्या टप्प्याला पाणी आणायचं कुठून? तुम्ही स्टोनहून ज्यावर निघणार त्या ट्रेंट अँड मर्सी कालव्याच्या माथ्याला पाणी पुरवतो तो हाच कॅल्डन, आणि कॅल्डनला पाणी येतं रुडयार्ड, निपर्सली आणि स्टॅन्ली या तलावांतून. तेच ते रुडयार्ड, लेखक रुडयार्ड किपलिंगचे आईवडील तिथे भेटले होते म्हणून मुलाला ते नाव, आणि मुलगा जन्मला १८६५ मध्ये मुंबईत, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. बाबांना हे सांगा, मग बघा, प्रत्येक सांडव्यापाशी बोट थांबवायला लावतील.

आणि एट्रुरियाच्या जंक्शनवर जेम्स ब्रिंडलीचा पुतळा आहे तिथे दोन मिनिटं उभं राहावं. इंग्लंडच्या पहिल्या पिढीतल्या कालव्यांचा इंजिनियर, डोंगर फोडण्यापेक्षा समपातळीची रेघ धरून वळसे घालत जाणारा, म्हणून त्याचे कालवे असे नागमोडी. कॅल्डनचा सर्व्हे करताना पावसात भिजला, आजारी पडला आणि १७७२ मध्ये गेला. कालवा सुरू झाला त्यानंतर सात वर्षांनी.

लॉकबद्दल आता नीट सांगतो, कारण हे शनिवारी दुपारी तुम्हाला कुणीतरी वीस मिनिटांत सांगणार आणि त्यातलं अर्धं तुम्ही विसरणार. अरुंद लॉक म्हणजे ७ फूट रुंद दगडी खोका, तुमची बोट ६ फूट १० इंच, दोन्ही बाजूंना मिळून जागा दोन इंच. वरच्या टोकाला बहुतेक एकच गेट, खालच्या टोकाला दोन. वरच्या गेटखाली एक दगडी उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात, आणि पाणी भरलेलं असताना तो दिसतच नाही. खाली उतरताना बोट जर मागे सरकलेली राहिली तर पाणी उतरतं तसं बोटीचं मागचं टोक त्या उंबरठ्यावर टेकतं, पुढचं टोक खाली जात राहतं, आणि बोट पुढून बुडते. लॉकमध्ये बुडणाऱ्या बोटींचं हे नेहमीचं कारण. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्यावर सिल लिहिलेलं असतं, सुकाणूवाल्याने उतरताना फक्त एक काम करायचं, आपण त्या रेघेच्या पुढे आहोत का हे बघत राहायचं. फोन नाही, गप्पा नाहीत, सीनरी नाही. आणि पॅडलपाशी उभ्या असलेल्या माणसाने पाण्याकडे बघायचं नाही, बोटीकडे बघायचं. बोट तिरकी वाटली, कुठे अडकल्यासारखी वाटली, की आधी पॅडल बंद, मग विचार.

पॅडल उघडायची ती एल आकाराची चावी, विंडलास. बाबा ती पहिल्याच लॉकला तुमच्या हातातून घेतील, घेऊ द्या, त्यांना गेटवर्क माहितीये. दोन अटी घालायच्या. एक म्हणजे पॅडल वर गेलं की खटका बसलाय का बघून विंडलास काढून घ्यायची, तशीच लावून सोडायची नाही, खटका सुटला तर ती गरागरा फिरते आणि मनगट मोडतं. दुसरी म्हणजे गेटवरून पलीकडे जायचं नाही, ते काम तुमचं. खालच्या दोन गेटांमध्ये फट असते आणि ती ओलांडायला बरेच जण उडी मारतात, मुलगाही मारायला बघेल. त्याला एकदा शांतपणे खाली किती फूट आहे ते दाखवा. आईंना सुकाणू द्या, गंमत करत नाही, माझ्या बोटीवर सगळ्यात नीट सुकाणू माझी सासू धरते, कारण ती घाई करत नाही.

कॅल्डनला शिरल्या शिरल्या बेडफर्ड स्ट्रीटला दोन लॉक्स एकाला एक चिकटून आहेत, मधलं गेट दोघांचं कॉमन. सुरुवात करताना वरचं भरलेलं आणि खालचं रिकामं पाहिजे. हे उलट असताना पॅडल उघडलंत तर पाणी काठावरून वाहतं आणि येणारे जाणारे लोक तुमचा व्हिडिओ काढतात. घाई करू नका, दोन्ही खोकी बघून या, मग उघडा.

आता बोगदे. हेअरकासल तुमच्या रूटवर येत नाही, पण विचारलंय म्हणून सांगतो, आणि वेळ मिळाला तर तो वेगळा करता येतो. तिथे खरं तर दोन बोगदे आहेत. ब्रिंडलीचा १७७७ चा, त्यात टोपाथ, म्हणजे बोट ओढणाऱ्या घोड्याची काठावरची वाट, नव्हता, घोडा डोंगरावरून चालत न्यायचे आणि माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय लावून बोट चालवत न्यायची. तो कधीचाच बंद आहे. शेजारी थॉमस टेलफर्डचा, १८२७ चा, ज्यातून आज बोटी जातात, २,९२६ यार्ड, म्हणजे पावणेदोन मैलांना जरा कमी, आत साधारण ४० मिनिटं. एका वेळी एकाच दिशेने. टोकाला ट्रस्टचा माणूस असतो, तो तुमचा हेडलाइट आणि हॉर्न तपासतो, आत काय करायचं ते सांगतो, मग सोडतो. दक्षिण टोकाला दार आहे आणि मोठे पंखे, दार लावून पंखे सुरू करतात आणि धूर खेचून घेतात, तो आवाज पहिल्यांदा ऐकला की पोटात गोळा येतो. बोगद्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि संध्याकाळी शेवटची बोट लवकर घेतात, त्यामुळे त्या दिवशीचा प्लॅन बोगद्याच्या वेळेपासून मागे मोजत करायचा.

डोकं आपटतं का? मध्यावर जमीन खचल्यामुळे छत खाली आलंय, तिथे सुकाणूवाल्याला वाकावं लागतं, उंच माणसाला जास्तच. वर बघत उभं राहिलात तर आपटेल, माहीत असेल तर नाही. कीपरने मला पहिल्या वेळी छपराकडे बोट दाखवून विचारलं होतं, ती कुंडी काय आहे? तुळस होती. आमच्या बोटीच्या छपरावर उन्हाळाभर तुळस असते, सौ. रोज पाणी घालते. ती मी लगेच खाली घेतली, सायकली घेतल्या, दोरीवरचे टॉवेल घेतले, आणि स्टोव्हचं धुराडं विसरलो. मध्यावर 'टण्' झालं आणि धुराडं साखळीला लटकत बोटीच्या बाजूने ठणाठण वाजत राहिलं, उरलेली वीस मिनिटं. तेव्हापासून मी छपरावरून एकदा हात फिरवतो, डोळ्यांनी बघत नाही.

आत चालवण्याबद्दल एवढंच, दूरच्या उजेडाच्या ठिपक्याकडे बघू नका, तो जवळ येत नाही आणि बोट भिंतीला जाते. हेडलाइट जरा वर, छताकडे वळवलेला ठेवायचा, केबिनमधले दिवे चालू आणि पडदे उघडे ठेवायचे, म्हणजे दोन्ही भिंतींवर उजेड पडतो, आणि दोन्हींकडचं अंतर सारखं ठेवत जायचं. फार हळू गेलात तर सुकाणू धरत नाही. कोपर, हात, मुलाचं डोकं, सगळं आत. वरून पाणी ठिबकतं, ऑगस्ट असला तरी जॅकेट घाला. बाबांना दम्याचा किंवा कोंडल्यासारखं वाटायचा त्रास असेल तर त्यांना पुढच्या डेकवर बसवा, इंजिनचा धूर मागे राहतो.

किड्सग्रोव्हच्या बाजूला पाणी गंजलेल्या पत्र्यासारखं नारिंगी आहे, डोंगरातल्या लोखंडामुळे. घाबरू नका, आणि कपडे लांब ठेवा.

तुमच्या रूटवरचा खरा ठेंगणा बोगदा फ्रॉगहॉलचा आहे, हेअरकासलपेक्षा कितीतरी ठेंगणा, लांबी मात्र जेमतेम ७६ यार्ड. आजच्या बऱ्याच बोटी त्यातून जातच नाहीत. त्याच्या अलीकडे, फ्लिंट मिल लॉकला, बोगद्याच्या आकाराचं गेज लावलंय, त्यातून बोट गेली तर बोगद्यातून जाईल, घासली तर विषय संपला. इथे लोक एक चूक करतात, बोटीची उंची मध्यावर मोजतात. बोगदा कमानीचा असतो, मध्ये उंच, बाजूला उतरता, त्यामुळे अडकतात ते केबिनच्या छपराचे दोन कोपरे, मधला भाग नाही. पाण्यापासून कोपऱ्यापर्यंत किती इंच, आणि त्या उंचीला रुंदी किती, ही दोन मापं बोटवाल्याकडून आत्ताच मागून घ्या.

आणि बोटीची उंची रोज सारखी नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याची टाकी पुढच्या टोकाला असते. ती भरलेली असली की नाक खाली, रिकामी झाली की नाक दोन-तीन इंच वर. आम्ही फ्रॉगहॉलला गेलो तेव्हा टाकी भरून गेलो होतो, गेजमधून बोटभर अंतर ठेवून बोट सुटली, बोगद्यातूनही मस्त गेली, पलीकडच्या बेसिनमध्ये, म्हणजे बोटी बांधायच्या तळ्यात, रात्री मुक्काम. पुण्याहून पाहुणे आले होते, पाच जणांनी सकाळी गरम पाण्याने यथेच्छ आंघोळी केल्या, आणि परत निघालो तर बोगद्यात दहा फूट गेल्यावर पुढचा डावा कोपरा भिंतीला लागला. कर्रर्र. मागे घेतली, सगळ्यांना पुढच्या डेकवर दाटीवाटीने बसवलं, बादल्या भरून तिथे ठेवल्या, आणि तशी वरात काढून बाहेर आलो. कोपऱ्याचा रंग नखाने खरवडल्यासारखा निघाला होता, तो अजून तसाच ठेवलाय. पाऊस पडून कालव्याची पातळी इंचभर वाढली तरी हाच प्रकार होतो. तुमची भाड्याची बोट आहे, डिपॉझिट आहे, तेव्हा मी तर म्हणतो गेजला बोट घासतेय अशी शंका जरी आली तरी बोगद्याच्या अलीकडेच थांबा, तिथे वळायला जागा आहे, आणि फ्रॉगहॉलला पायी चालत जा. दहा मिनिटं.

फ्रॉगहॉलच्या आधीचा पट्टा, चेडलटनपासून खाली, मला विचाराल तर त्या भागातला सगळ्यात सुंदर. रस्ता नाही, दरी, झाडी, आणि कालव्याला लागूनच चर्नेट व्हॅलीची जुनी वाफेच्या इंजिनाची रेल्वे. कॉन्सॉलच्या स्टेशनची वेटिंग रूम अक्षरशः कालव्यावर लटकलेली आहे, बोट तिच्या खालून घासत जाते, वर माणसं गाडीची वाट बघत उभी. तिथे मुलाला गाडी दिसेपर्यंत थांबा. एक सांभाळायचं, ओकमेडोफर्ड लॉक ते कॉन्सॉल फोर्ज या पट्ट्यात कालवा आणि चर्नेट नदी एकच होतात. रात्रभर पाऊस झाला असेल तर लॉकपाशी पाण्याच्या पातळीची पट्टी बघा, पाणी चढलेलं असेल तर बोट बांधून ठेवा, नदी ही नदीच असते, मागून ढकलते आणि बोटीला ब्रेक नसतो.

दिवसांचं म्हणाल तर शनिवारी काही करू नका, स्टोनमध्येच कुठेतरी बांधा आणि कुकर लावा, पिठलंभात खा. रविवारी स्टोनमधली चार, मीफर्डची चार, ट्रेंटहॅमचं एक आणि स्टोकची पाच लॉक्स चढून एट्रुरिया, हा मोठा दिवस, लवकर निघा. सोमवारी बेडफर्ड स्ट्रीट, आणि हॅन्लीत आयव्ही हाऊसचा उचलायचा पूल, चावी फिरवून बटण दाबायचं, रस्त्यावरच्या गाड्या तुमच्यासाठी थांबतात, ते बटण मुलाचं. मग स्टॉक्टन ब्रुकच्या आधी कुठेतरी. मंगळवारी हेझलहर्स्टमार्गे चेडलटन, हेझलहर्स्टला लीककडे जाणारी शाखा मुख्य कालव्याच्या डोक्यावरून पुलाने जाते, बाबांनी फोटो काढायला कॅमेरा तयार ठेवावा. बुधवारी फ्रॉगहॉल आणि परत कॉन्सॉलपर्यंत. गुरुवार-शुक्रवार परतीचे, आणि शुक्रवारी संध्याकाळी स्टोनच्या आसपास असलंच पाहिजे, शनिवारी सकाळी लॉक्स शिल्लक ठेवू नका. हेअरकासल करायचाच असेल तर बुधवारचा कॉन्सॉलच्या पुढचा भाग सोडा आणि तो अर्धा दिवस तिकडे द्या. दोन्ही करायला गेलात तर परत रोजचे सात-आठ तास होतात, मग रिंगनेच काय घोडं मारलं होतं.

संध्याकाळी पाचपर्यंत बांधायला बघा, ऑगस्टमध्ये चांगल्या जागा चारलाच भरतात. अंधारात भाड्याची बोट चालवायची परवानगी नसते आणि रात्री आठनंतर बांधलेल्या बोटीचं इंजिन चालू ठेवत नाहीत, तेव्हा फोन, लॅपटॉप चार्जिंग आधी उरका.

राहिलं वळणं. ५७ फुटांची बोट ३५ फुटांच्या कालव्यात फिरत नाही. त्यासाठी काठाला खाच असलेल्या जागा असतात, विंडिंग होल, वाऱ्यातला विंड, वाइंडिंग म्हणालात तर बोटवाले हसतात. नाक खाचेत घालायचं आणि मागचा भाग फिरवायचा, वारा असेल तर तोच फिरवतो. गाइडबुकात त्या त्रिकोणाने दाखवलेल्या असतात आणि किती फुटांपर्यंतची बोट वळते तेही दिलेलं असतं, पुढचा त्रिकोण तीन मैलांवर असला तर चुकवलेली जागा चुकवलेली, कारण नॅरोबोट रिव्हर्समध्ये सुकाणू मानत नाही, ती वाट्टेल तिकडे जाते. मी प्रत्येक मुक्कामाच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन त्रिकोण पेन्सिलने गोल करून ठेवतो.

बोटवाल्याला उद्या फोन कराल तेव्हा कोपऱ्याची ती दोन मापं, टाकी पुढे आहे की मागे, आणि ही बोट याआधी फ्रॉगहॉलमधून गेलीये का, एवढं विचारा. मापं इथे टाकलीत तर मी माझ्या बोटीशी ताडून सांगतो.